बंबाचं ठिगळ लावलेली गाडी

"घरात खाणारी सात तोंडं आणि दारात शर्यतीची गाडी? त्यापेक्षा हत्ती बांध! हत्ती निदान लग्नात भाड्यानं तरी जाईल."

हे शहाबाजभाई आपल्या थोरल्या लेकाला, नियाजला, म्हणाले. या गोष्टीला चाळीसाच्या वर वर्षं झाली असतील. कसबा पेठेत आमच्या दोन घरांमध्ये भिंत एकच, तीही नावापुरती. पलीकडे बापलेक भांडत होते आणि अलीकडे मी डाळ निवडत होते. भांडण त्यांच्या हिंदीत चाललेलं, पण आमच्या भिंतीतून आलं की त्याचं मराठीच व्हायचं.

नियाजला तेव्हा नुकती मिसरूड फुटलेली. तो म्हणाला, "अब्बा, जालशेठ स्वतःहून किल्ली हातात देतायत."

"किल्ली ते देतील. पेट्रोल कोण देईल, तुझा सासरा?"

"एक दिवस मी ती गाडी या गल्लीत आणीन."

"आण ना! ती गाडी या गल्लीत शिरली तर मी माझं नाव बदलीन!"

मग ताटली आपटल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं. मी सुपात पाहिलं तर डाळ बाहेर टाकलेली आणि खडे तेवढे जपून ठेवलेले.

आता जालशेठ कोण, ते सांगायला हवं. कॅम्पात राहणारे पारशी गृहस्थ. पैसा होता, बंगला होता आणि गाड्यांच्या शर्यतीचं वेड होतं. फियाटचं इंजिन घेऊन त्यांनी एक बुटकी, लांबुळकी लाल गाडी बांधवून घेतली होती. शहाबाजभाई त्यांचे मेकॅनिक. तिकडे मद्रासला विमानांच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथे हे दोघं तीच गाडी चालवत न्यायचे. पोचेपर्यंत दोघांचे चेहरेही गाडीच्या रंगाचे व्हायचे.

एकदा निघायच्या आदल्या दिवशी गाडी मागे घेताना शेपटाकडून खांबावर बसली. पत्रा फाटून ताटलीएवढं भोक पडलं. शहाबाजभाई धावत आमच्याकडे आले. आमचे हे, ज्ञानदेव, तांबट. घरात त्या वेळी पत्रा होता तो एकच, माझ्या आंघोळीच्या पाण्याच्या नव्या बंबासाठी कापून ठेवलेला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. तेवढ्यात त्यांनी त्यातला तुकडा कापून, आमच्या घागरीवर करतात तसं ठोकून ठोकून मठारकाम करून, तो गाडीच्या शेपटाला रिबिटांनी बसवूनसुद्धा टाकला. गाडी मद्रासला दुसरी आली. मला विचाराल तर पहिल्या आलेल्या गाडीला बंब ओढायचा नव्हता, एवढाच काय तो फरक. मी मात्र ते अख्खे थंडीचे दिवस पातेल्यात पाणी तापवत काढले.

पुढे जालशेठ थकले. ती गाडी ते शहाबाजभाईंना देत होते आणि त्यावरून ते भांडण झालं. गाडी कुणीतरी दुसऱ्यानं नेली, त्याच्याकडून तिसऱ्यानं, आणि मग तिचा पत्ता राहिला नाही.

नियाज शाळेच्या पोरांचा रिक्षाकाका झाला. पुण्यात त्याच्याइतकी हळू रिक्षा चालवणारा माणूस झाला नाही. आमच्या गल्लीत म्हणायचे, लग्नाला निघायचं असेल तर नियाजची रिक्षा करू नये, बारशाला पोचाल. त्याला राग यायचा नाही. "मागे पोरं आहेत, काकू," म्हणायचा. रिक्षात पोरं नसली तरी तेच म्हणायचा. दिवसाची शेवटची फेरी संपली की तो बेकरीत जाऊन अब्बांसाठी आणि माझ्यासाठी खारी आणायचा. खारी म्हणजे नुसता पदराचा वारा लागला तरी भुगा होणारी चीज. पण नियाजनं आणलेली खारी कधी मोडली नाही. त्याचा त्याला केवढा अभिमान!

आणि असा हा माणूस चौकाचौकात रिक्षा उभी करून मागच्या पोरांना काय सांगायचा, तर त्या लाल गाडीची गोष्ट. ती वळणावर कशी कलायची, मद्रासला धूळ कशी उडाली, तिच्या शेपटाला कसबा पेठेतलं तांबं कसं आहे. मागून हॉर्न वाजायचे. हा आपला शर्यतीत. त्याची बायको हुस्नबानू म्हणायची, "मला तीस वर्षांत रिक्षानं सिंहगड दाखवला नाही, आणि पोरांना रोज मद्रास दाखवतो."

त्या पोरांतली एक राजनंदिनी. आता ती कंप्युटरच्या कंपनीत आहे, वाघोलीला राहते. गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर तिनं नियाजला फोटो पाठवला. तिच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे एका शेडमध्ये पोत्यांच्या ढिगाखालून एक लाल नाक बाहेर आलेलं.

नियाज फोटो घेऊन माझ्याकडे आला. फोन माझ्यापुढे धरला. मी चष्मा लावून पाहिलं.

"नाकावरून काय कळणार रे? शेपूट बघायला हवं."

"म्हणून तर आलो, काकू. तुम्ही चला. ज्ञानदेवकाकांचा हात तुम्ही ओळखाल."

"अब्बांना ने ना."

 शहाबाजभाई दोन वर्षं जिना उतरले नव्हते. गुडघे गेले, नजर गेली, जेवण अर्ध्यावर आलं. कुणी खाली चला म्हटलं की म्हणायचे, "आता मला खाली नेतील ते चौघंच." नियाजला ते ऐकवत नसे.

"त्यांना आधी सांगायचं नाही," तो म्हणाला. "गाडी ती नसली तर? आणि असली तर मला ती त्यांच्या खिडकीखाली आणून उभी करायचीय. ते चौघं यायच्या आधी. त्यांनी तिचा आवाज ऐकला पाहिजे, बस्स."

मग मी चप्पल घातली.

शेडचा मालक वैजनाथ वाघोलीचाच, मोकळा माणूस. त्यानं पोती बाजूला केली तर गाडीच्या बसायच्या जागेतून दोन कोंबड्या फडफडत निघाल्या.

"गाडी चांगली हाय, काका," वैजनाथ म्हणाला. "चालत तेवढी न्हाई. पर कोंबड्यांला लय मानवलीय."

राजनंदिनीनं नियाजला बाजूला घेतलं. "काका, नीट बघा हं. असल्या व्हिंटेज गाडीला रेसिंगची हिस्ट्री असेल तरच अर्थ. आपल्याकडे प्रूफ काहीच नाही."

मी गाडीच्या मागे गेले. कोंबड्यांनी आपलं काम चोख केलं होतं. पदराला थुंकी लावून पुसलं, तर खालून काळपट तांबं निघालं. त्यावर हातोडीचे ठसे, एकाला एक लागून, पावसाचे थेंब पाण्यावर पडावेत तसे. आणि प्रत्येक ठशाच्या कडेला नखाएवढी खोच. ह्यांच्या त्या हातोडीचा टवका उडालेला होता. नवी घ्या म्हटलं की म्हणायचे, हिची सवय झालीय. माझ्याबद्दलही तेच म्हणायचे.

"नियाज," मी म्हटलं, "हा माझा बंब."

वैजनाथ ओशाळला. "ते ठिगळ व्हय? ते कुणी येड्यानं मारलंय ठावं न्हाई. त्याचं भावात बघून घेऊ, कमी करतो."

मी नियाजला चिमटा काढला, म्हणजे गप्प बस. भाव असा आपणहून खाली येतो तेव्हा शहाण्यानं आभाळाकडे बघावं. पण नियाजच्या डोळ्यांना धार लागलेली. तो म्हणाला, "अहो, हे ठिगळ नसतं तर मी ही गाडी घेतलीच नसती!"

झालं. भाव होता तिथे परत जाऊन बसला. येताना सबंध रस्ता मी त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या रिक्षानं वाघोली ते कसबा म्हणजे मौन फार मोठं होतं, शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही.

पैसे कसे उभे केले ते मी विचारलं नाही. हुस्नबानूनं मला सांगितलं, "कितीही नाही म्हटलं, तरी हा झोपेत गियर बदलतो. घेऊन टाक म्हटलं." गाडी विश्रांतवाडीच्या एका गॅरेजात गेली आणि दुरुस्त होत राहिली. आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं आणि शहाबाजभाईंना कुणीही सांगितलं नाही. कसब्यात गुपित म्हणतात ते यालाच.

गाडी आणायची तयारी नियाजनं मनापासून केली. गल्लीचं तोंड त्यानं सुतळीनं मोजलं. वळण मोजलं. भांड्याच्या दुकानाची पायरी, विजेचा खांब, कुणाच्या कुंड्या, सगळं मोजलं. कुंड्यावाल्यांनी, "आमच्या तुळशीला शर्यतीत घेऊ नका," म्हणून ऐकवलं, तरी हसून कुंड्या उचलल्या.

रविवारी सकाळी गाडी आली. लाल, चकचकीत, अशी फुरफुरत की दुकानांतल्या टांगलेल्या कळश्या आपोआप वाजायला लागल्या. नियाज आत बसलेला, डोक्याला रुमाल बांधून. मी ओवाळायचं तबक आणि चाकाखाली ठेवायची लिंबं घेऊन उभी. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि थांबली.

पुढे स्पीडब्रेकर होता.

हा स्पीडब्रेकर हुस्नबानूचा. दोन वर्षांपूर्वी एका मोटारसायकलवाल्यानं तिच्या हातातली दुधाची पिशवी उडवली, तेव्हा तिनं दहा ठिकाणी उभं राहून, भांडून तो करवून घेतला होता. ठेकेदाराला उरलेलं डांबर परत न्यायचा कंटाळा आला असावा, त्यानं सगळं तिथंच ओतलं. आणि गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटं. नियाजनं गल्ली दोन्ही अंगांनी मोजली होती. खाली बघायचं राहिलं. रिक्षावाल्याला कशाला सुचेल? रिक्षा म्हणजे बकरी, कुठंही चढते.

त्यानं थोडी पुढे घेतली. खर्र करून पोट घासलं. मागे घेतली. इंजिन बंद झालं.

वर खिडकीत शहाबाजभाईंचा खोकला ऐकू आला. बस्स, खिडकी इथून दिसत होती. नियाज तसाच बसून राहिला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. "इथवर आणली, काकू," म्हणाला. त्याचं तोंड मला बघवेना.

"हा बांध कुणी घातला?" कुणीतरी मागून खोचकपणे विचारलं.

हुस्नबानू कमरेवर हात ठेवून फिरली. "मी घातला! रिक्षावाल्याशी लग्न केलं होतं मी. रेसवाला निघेल हे निकाहात कुणी सांगितलं नव्हतं!" आणि तरातरा घरात गेली.

मला वाटलं रुसली. पण ती आली ती डोक्यावर सागवानी पाट घेऊन. सणावारी जेवायला मी तिला दिलेला, परत न आलेला पाट. तो तिनं स्पीडब्रेकरच्या पायाशी टाकला. "बघताय काय? पाहुणा दारात आलाय. पाट मांडा!"

मग काय विचारता. घराघरातून पाट निघाले. लग्नातले, फुल्या मारलेले, पाय मोडलेले, बाळाच्या बारशाचे. आधी एक, मग एकावर एक, मग तीन, असा अलीकडून चढ आणि पलीकडून उतार झाला. माझ्या धाकट्या नातसुनेनं आणलेला प्लास्टिकचा पाट मात्र सर्वानुमते परत पाठवला.

"चालू कर," मी म्हटलं.

इंजिन पेटलं. गाडी पाटावर चढली, कुरकुरली, वर जाऊन झोका घेतला आणि पलीकडे उतरली. एक पाट कडाडला, तो अर्थात माझाच. टाळ्या, शिट्ट्या, कळश्यांचा नाद, आणि त्या सगळ्याच्या वर खिडकीतून आरोळी, "कोण आहे रे? जालशेठची गाडी आहे ती! कोण चालवतंय?"

"मी, अब्बा!"

 मग, "मला खाली न्या."

आणि खरंच चौघांनी त्यांना खाली नेलं. पण खुर्चीत बसवून. जिन्यात ते चौघांनाही शिव्या देत होते, हळू काय चालताय, मयत आहे का?

गाडीजवळ खुर्ची ठेवली. त्यांनी हात पुढे केला, नाकावरून, दारावरून, चाचपत मागे नेला. ठिगळावर बोटं आली आणि थांबली. बराच वेळ फिरत राहिली.

"ज्ञानदेव," म्हणाले. एवढंच. मी तबकातली निरांजनं उगीच नीट केली.

मग त्यांचा चेहरा हळूहळू खट्याळ झाला. "वहिनी, शिरली हो गल्लीत. आता माझं नाव बदलायला हवं. सुचवा काहीतरी."

"म्हणजे तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं मी ऐकतेय?"

"भिंतीला कान कुणाचे, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं."

"राहू द्या नाव. रेशनकार्डावर बदलता बदलता दुसरा जन्म लागेल."

त्यांना नियाजनं उचलून शेजारी बसवलं. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. तिथवर जाऊन यायला दोघांनी जो वेळ लावला, त्यात मी चहा टाकून, उकळून, गाळून आणला. "पळव ना!" बाप ओरडत होता. "मागे पोरं आहेत, अब्बा," लेक सांगत होता. या वेळी खरंच होती. गल्लीतली सगळी मागून पळत होती.

त्या दिवशी शहाबाजभाई दोन वेळा जेवले.

संध्याकाळी पाट तसेच मांडलेले होते. ज्याचे त्यानं न्यावेत असं ठरलं होतं, पण कुणी नेले नाहीत. दिवेलागणीला नियाज नेहमीसारखा बेकरीला निघाला, गाडी घेऊन. मी खिडकीतून पाहत होते. वळणाला त्यानं हात बाहेर काढून दाखवला. अंड्यांचे ट्रे लावलेला एक सायकलवाला घंटी वाजवत त्याच्या पुढे गेला. नियाजनं त्याला जाऊ दिलं.

परत आला तेव्हा माझा दुसरा चहा निवलेला.

"शर्यतीची गाडी घेऊन गेलास ना रे? एवढा उशीर?"

"सावकाश आलो, काकू," म्हणत त्यानं पुडा खिडकीत ठेवला आणि दुसरा घेऊन अब्बांकडे जिना चढला.

मी दोरा सोडला. खारी गरम होती. एकही मोडलेली नव्हती.