टरफलांच्या गाड्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी विडीसुद्धा कधी लपवून ओढली नाही. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. समोर बसलायत, घाई दिसत नाही, म्हणून असेल. मध्येच अडखळलो तर म्हाताऱ्याला खोकला आला समजा आणि जरा थांबा.

गावाचं नाव नाही घेत. शिरूर-दौंडच्या पट्ट्यातलं, नगरपालिका असलेलं एक गाव, एवढं पुरे. साठ सालानंतरची गोष्ट. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले, तेव्हाची. मी जकात नाक्यावर कारकून होतो — टेंपररी. गावात विकायला येणाऱ्या मालावर नगरपालिका जो कर घ्यायची, ती जकात. रस्त्यावर आडवा बांबू, शेजारी पत्र्याची खोली आणि दोन माणसं. सकाळी इमामभाई, दुपारनंतर मी.

इमामभाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, कायम नोकरीतले. त्यांच्या चार पिढ्या त्याच गावच्या मातीत गेलेल्या. मी धनगराचा. वडिलांनी जन्मभर मेंढरं हाकली आणि मी सातवी पास होऊन खुर्चीवर बसलो. काम मला इमामभाईंनीच शिकवलं. आमच्याकडं एक पन्हळीची लोखंडी सळई असायची. पोत्यात खुपसून ओढली की आतला माल पन्हळीत येतो. "पोत्याच्या तोंडाकडं बघू नगा, सदाशिवराव," ते म्हणायचे, "पोटातलं बघा." आणि मी शिकलो हो! चांगला शिकलो. ते आत्ता कळेलच तुम्हाला.

तर दुष्काळ. दुष्काळ शेतात पडतो असं आपण म्हणतो, पण मी तो नाक्यावर बसून पाहिला. आधी तळेगाव ढमढेऱ्याकडून येणारा गूळ आटला. मग कापडाचे गठ्ठे. मग तेलाचे डबे. पिकलं नाही म्हणून लोकांच्या हातात पैसा नाही. पैसा नाही म्हणून दुकानदार माल भरत नाही. माल येत नाही म्हणून जकात नाही. आणि जकात नाही म्हणून झाडूवाल्यांचे दोन-दोन महिन्यांचे पगार थकलेले, कोपऱ्यावरचे दिवे एकाआड एक बंद. इतकं सरळ होतं ते! बांबूला टेकून दिवसभर रिकामा रस्ता बघणाऱ्या माणसाला तर फारच सरळ. पण कचेरीत बसणाऱ्या मेंबर मंडळींना ते पटेना. झाडूवाले रोज दारात उभे, गावात बोंब — त्यांना कुणीतरी चोर हवा होता. जकात कमी झाली म्हणजे नाक्यावर कुणीतरी खातंय, असं बोलायला सुरुवात झाली. माझी तर पाचावर धारण बसली. टेंपररी माणूस मी. कुणी नुसतं खाकरलं तरी मला वाटायचं, झालं, आता मेंढरांमागं जावं लागणार.

हे सबब म्हणून सांगत नाही. नुसतं सांगतो.

त्याच दिवसांत गुलाबशेठच्या गाड्या सुरू झाल्या. गुलाबशेठ म्हणजे बाजारपेठेतले सगळ्यात जुने भुसार व्यापारी. दर आठवड्याला दौंडच्या बाजूनं त्यांच्या दोन बैलगाड्या यायच्या, पोत्यांनी शिगोशीग भरलेल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा पाळी बदलत होती, म्हणून आम्ही दोघंही तिथं होतो. मला लांबूनच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. एवढा बोजा, आणि बैल हलक्या पायानं येतायत? चाकांची कुरकुर नाही? इमामभाईंनी सळई खुपसली, ओढली. पन्हळीत शेंगांची टरफलं. दुसरं पोतं — टरफलं. तिसरं — टरफलं.

शेठ स्वतः गाडीबरोबर चालत आले होते. एवढा मोठा माणूस, धोतराचा सोगा धुळीत लोळतोय, आणि त्यांनी इमामभाईंपुढं हात जोडले. धंदा बसला होता. दुकान रिकामं पडलेलं. पण पोरीचं लग्न ठरलेलं, सासर तालेवार, आणि शेठ बुडाले अशी नुसती कुजबूज उठली असती तरी ते लोक माघारी फिरले असते. म्हणून गावाच्या डोळ्यांदेखत भरल्या गाड्या आणायच्या. तेल गिरणीतली टरफलं पोत्यात भरून! हसू येतंय ना? मलाही आलं होतं. इमामभाईंना नाही आलं.

आता इथं नियम काय होता तो ऐका. टरफलांवर जकात नव्हती, पण बिनजकातीच्या मालाचीही पावती फाडायची असायची — मालाचं नाव लिहून. तिचं अर्धुक संध्याकाळी कचेरीत जायचं. आणि कचेरीतला शिपाई म्हणजे गावचं वर्तमानपत्र. पावती फाडली असती तर दिवस मावळायच्या आत अख्खी पेठ 'टरफलं, टरफलं' करत सुटली असती. इमामभाईंनी पावती फाडली नाही. बांबू वर केला.

"पोरीचं लगीन हाय," ते मला म्हणाले. "दोन म्हयने तोंड मिटून ऱ्हायचं. व्हय ना?"

मी व्हय म्हणालो. पुढं तीन-चार वेळा त्या गाड्या माझ्या पाळीत आल्या. मीही पावती फाडली नाही. हे ध्यानात ठेवा. मी फाडली नाही.

मग जे व्हायचं ते झालं. पेठेतल्या कुणीतरी मेंबरांच्या कानावर घातलं — गुलाबशेठच्या भरल्या गाड्या दर आठवड्याला येतायत आणि पावती एकही नाही. सापडला चोर! शेठला विचारायची कुणाची छाती? बोलावणं आलं ते आम्हा दोघांना. भर दुपारी, कचेरीच्या मोठ्या खोलीत. बाहेर झाडूवाले बसलेले. लग्नाला आठ दिवस उरलेले.

इमामभाईंना आधी विचारलं. ते म्हणाले, सगळ्या गाड्या त्यांच्याच पाळीत आल्या. सगळ्या! माझ्याकडं न बघता म्हणाले. पोत्यात काय होतं? तर म्हणाले, "जकातीचा माल न्हवता, साहेब." काय होतं मग? गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. मग एक मेंबर माझ्याकडं वळले. पाळी बदलताना तुम्ही तिथं असता, सळई घातलेली तुम्ही पाहिली असेल, काय निघालं?

— थांबा जरा. पाणी घेतो.

पुष्कळ वर्षं मी स्वतःची एक समजूत घालून ठेवली होती. की मी शब्द पाळला. तोंड मिटून राहायचं कबूल केलं होतं, ते केलं. पण तोंड मिटायला काय लागतं हो? 'मला माहीत नाही' म्हणालो असतो. 'लक्ष नव्हतं' म्हणालो असतो. इमामभाईंसारखा मूग गिळून उभा राहिलो असतो. तेवढ्यानं शब्द पाळला गेला असता.

मी म्हणालो, "शेंगदाणे."

एवढंच. टरफलं सळईवर पाहिलेली, हातात चुरगाळून पाहिलेली, आणि मी शेंगदाणे म्हणालो. का? कारण टरफलं म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मग बिनजकातीची पावती कुठंय? आणि पावतीचं निघालं की माझ्याही पाळीवर आलं असतं. नुसता गप्प बसलो असतो तर म्हणाले असते, दोघं मिळून खातायत. शेंगदाणे म्हणालो की तो जकातीचा माल ठरत होता, आणि सगळ्या गाड्या इमामभाईंनी आपल्या पाळीवर घेतलेल्या, म्हणजे खाणारा एकच उरत होता. हे सगळं मला एका दमात सुचलं. घाम फुटला होता, पण डोकं कसं लख्ख चाललं होतं! त्याची मला अजून भीती वाटते.

इमामभाईंनी तेव्हा माझ्याकडं पाहिलं. नाही म्हणाले नाहीत. त्याच दिवशी त्यांना काढलं. बाहेर निघाले तेव्हा झाडूवाल्यांतली एक बाई कडाडली, "आमच्या पोरांचं खाल्लंस रं!" आणि ते मान खाली घालून तिच्यासमोरून गेले. मी मागच्या दारानं गेलो.

लग्न झालं. झोकात झालं. मी पंगतीला बसून जेवलो, हेही सांगून टाकतो.

चोर गेला म्हणून जकात वाढली का? छे! आणखी उतरली. कशी वाढणार? गाड्याच येत नव्हत्या. तरी माझ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, कारण बोट दाखवायला एक माणूस मिळून गेला होता. मग दोन वर्षांनी पाऊस बरा झाला. गूळ आला, कापड आलं, नाक्यावर गाड्यांची रांग लागली, आणि मंडळी म्हणाली — प्रामाणिक माणूस बसला की असा फरक पडतो. मला कायम केलं. सत्कार करून हातात नारळ दिला. मी घेतला.

इमामभाई घरच्यांना घेऊन दौंडला गेले होते. गावात राहणार कसे? पोरं त्यांच्या दारावरून 'जकातचोर' ओरडत जायची. मला कायम केल्यावर थोड्याच दिवसांनी नगरपालिकेचं पार्सल सोडवायला मी दौंड स्टेशनच्या मालधक्क्यावर गेलो. तिथं ते हमाली करत होते. पन्नाशी उलटलेला माणूस, पाठीवर सिमेंटचं पोतं. मी तोंड फिरवणार, तेवढ्यात त्यांनी हाक मारली. पोतं उतरवलं, घाम पुसला, तिकडं पाऊस कसा हाय म्हणून विचारलं. नाक्यावर गाड्या येत्यात का म्हणून विचारलं. येतात म्हटल्यावर चेहरा खुलला.

मग म्हणाले, "सदाशिवराव, तवा तुमी दाणं म्हणालात, मला दोन-चार दिस लई राग आला. खोटं कशाला बोलू? मग ध्यानात आलं. आपण दोघंबी गप ऱ्हायलो आसतो तर कुणीतरी उठून पोती सोडाया गेलं आसतं. तुमी दाणं म्हणालात, आन् त्या पोरीचं लगीन पार पडलं. माझं काय, मी कुठंबी वझं उचलीन. पोरीसाठीच म्हणालात न्हवं?"

माझ्याकडं बघत उभे होते. हसत होते जरासे. उत्तर त्यांनीच माझ्या हातात आणून दिलं होतं.

"व्हय, इमामभाई," मी म्हणालो. "पोरीसाठीच."

त्यांनी मान हलवली, पोतं पुन्हा पाठीवर घेतलं आणि गेले. त्यानंतर आमची भेट झाली नाही. ते वारल्याचं मला फार उशिरा कळलं.

पोरीसाठी नव्हतं. त्या दुपारी कचेरीत मला ती पोर आठवलीसुद्धा नव्हती.