पावण्यांची पेटी

चौथ्या दिवशी पुन्हा तेच. मायक्रोस्कोपखाली नऊ गर्भ, आणि नऊही आठ पेशींवर अडून बसलेले.

कोडोलीच्या तात्यांची चंद्री गाय म्हातारी झाली होती. गाभण राहत नव्हती आणि मागे तिची एकही कालवड नव्हती. म्हणून तिची स्त्रीबीजं सुईनं काढायची, लॅबमध्ये फलित करायची, सात दिवस वाढवायची आणि तयार गर्भ दुसऱ्या गाईच्या पोटात ठेवायचा, असा बेत होता. दोन खेपा वाया गेल्या. तिसरी शेवटची, त्या वयात तिला आणखी टोचायला मी तयार नव्हते.

मी गर्भाचं अन्न, म्हणजे कल्चर मीडियम, बदललं. पाणी बदललं. तेल बदललं. कंपनीच्या माणसाला फोनवर चार शब्द सुनावले. मग एका दुपारी डिशमधलं मीडियम गुलाबी दिसलं. ते नारिंगी असायला हवं. गुलाबी म्हणजे इन्क्युबेटरमधला, गर्भाच्या उबदार पेटीतला, कार्बन डायऑक्साइड कमी पडला. सिलिंडर तर भरलेला होता.

गॅस जात होता दारातून. ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमच्या दूध संघात अशी लॅब नवलाईची. संघाचे साहेब, जो येईल त्याला ती दाखवायचे. तात्या तर बाळंतिणीला बघायला यावं तसे शाहूवाडीचे व्याही, गगनबावड्याचे मेहुणे घेऊन हजर. आणि प्रत्येकासाठी दार उघडत होते मीच. स्वतःचाच भयंकर राग आला.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. पण दारात आलेल्या पावण्याला न्हाय कसं म्हणायचं?"

कोल्हापुरात या प्रश्नाला उत्तर नाही. मी स्टोअरमधला बंद पडलेला इन्क्युबेटर पुसून पुढच्या खोलीत मांडला. आत बल्ब लावला, टाकाऊ बीजांची डिश ठेवली. खरा मागच्या खोलीत, किल्ली माझ्या पर्समध्ये. साहेबांनी आधी नाक मुरडलं. दोन दिवसांत तेच पावण्यांना बल्ब कौतुकानं दाखवू लागले.

तिसऱ्या खेपेला मागचं दार अगदी गरजेपुरतंच उघडलं. सातव्या दिवशी तीन गर्भ चांगले टपोरे. खोलीत एकटीच होते, म्हणून थोडी नाचले.

तिघांतला एकच रुजला. पण कालवड झाली.

तात्या पेढे आणि हळदकुंकू घेऊन आले. पुढच्या खोलीतल्या बंद पेटीला कुंकू लावू लागले तेव्हा मला राहवेना. म्हटलं, "तात्या, खरी पेटी आत आहे."

"म्हाईत हाय की. तवाच कळलंतं. पयल्या पेटीचं दार तुमी दोन्ही हातांनी जपून उघडायचासा. हिचं कपाटागत वढत व्हतासा."

"मग तरी रोज माणसं आणून हीच दाखवत होता?"

"न्हायतर ती आत आली असती न्हवं?"

आता नवी लॅब उभारणारं कुणी सल्ला विचारायला आलं, की मी आधी सांगते, इन्क्युबेटर दोन घ्या. त्यातला एक बंद असला तरी चालेल.