गावचा टोप आणि अठरा टक्के

वडपे गावच्या मंडळाच्या भांड्यांच्या कोठीची किल्ली पार्वतीकाकूंच्या कमरेला असते, आणि ती मागायची हिंमत अध्यक्षांनाही होत नाही. काकूंचा आवाज असा, की हायवेवरच्या ट्रकवाल्याने हॉर्न मारताना विचार करावा. मी त्यांची शेजारीण, मला रोज ऐकावा लागतो.

आमच्याकडे हळदीचं जेवण गावच्या तांब्याच्या टोपातच शिजतं. कॅटररला कितीही पैसे मोजा, निदान भात तरी त्या टोपातला हवा. नाहीतर हळद गावची धरत नाहीत. वर्षाची दोन हजार वर्गणी भरली की टोप फुकट. मात्र वर्गणी अपुरी असेल तर टोप नाही, हा जुना नियम.

दोन वर्षांपूर्वी मंडळाने मैदान ट्रक पार्किंगला दिलं. पैसा एवढा आला की मंडळाची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली आणि जीएसटी नंबर घ्यावा लागला. मग फक्त पार्किंगवर नाही, सभासदांच्या वर्गणीवरही अठरा टक्के. अध्यक्ष केसरीनाथ, स्वतः दोन गोडाउनचे मालक, यांनी जाहीर केलं की हा कर प्रत्येकाने वर्गणीच्या वर भरायचा.

सगळ्यांत आधी हे आलं मैनाच्या अंगावर. मैना गोडाउनमध्ये पॅकिंग करते, नवरा नाही. लेकीच्या हळदीसाठी ती टोप मागायला गेली, तर केसरीनाथ म्हणाले, "तुझी वर्गणी अपुरी हाय. टॅक्स भर, मंग बघू."

मैना तशीच मागं फिरली. टेमघरहून भाड्याचे टोप सांगून आली. मला इतका राग आला की रात्री जेवण गेलं नाही. मैनाच्या लेकीची हळद परक्या भांड्यात, आणि ती गावची नाही असं उद्या कुणीही म्हणणार.

काकूंनी मात्र राग जेवणावर काढला नाही. सकाळी त्यांनी कोठीला कुलूप लावलं आणि बाहेर खुर्ची टाकून बसल्या. मैनाच्या लेकीच्या पाठोपाठ, पुढच्याच आठवड्यात केसरीनाथांच्या पुतण्याची, भावेशची हळद होती. केसरीनाथ त्याच दिवशी आले.

"काकू, टोप काढून ठेवा."

"तुजी वर्गणी भरली?"

"कवाच! दोन हजार."

"आन् वरचा टॅक्स?"

केसरीनाथांनी इकडेतिकडे पाहिलं. "त्यो भरीन की. मी कुठं पळून चाललोय?"

"मैना कुठं पळत व्हती? टॅक्स अजून कुनीच भरला न्हाय. नियमानं आज सारा गाव अपुरा हाय, तू पन. टोप कुनालाच न्हाय."

केसरीनाथ तडकले, मग घाबरले. त्यांनी तिथूनच मंडळाचा हिशेब बघणाऱ्या सुकन्याताईंना फोन लावला, आणि काकूंनी तो स्पीकरवर घ्यायला लावला.

"कर वर्गणीच्या वरच घ्यायला हवा असं नाही," सुकन्याताई म्हणाल्या. "दोन हजारांतच धरा आणि त्यातूनच सरकारला भरा. सभासदाला वेगळं काही द्यावं लागणार नाही. मंडळाच्या हातात तेवढं कमी उरेल, एवढंच."

"मंडळाचा तोटा होईल ना!" केसरीनाथ म्हणाले.

"ट्रकमुळं टॅक्स आला ना? मंग तोटा ट्रकच्या पैशातून भर," काकू म्हणाल्या. "मैनाच्या पदरात काय टाकतोस?"

संध्याकाळी सभा घेऊन केसरीनाथांनी स्वतःच ठराव मांडला, की कर दोन हजारांतच धरायचा. हे त्यांचं चांगलं, हरले की पाय आपटत बसत नाहीत.

मैनाच्या लेकीच्या हळदीच्या दिवशी गावचा टोप मैनाच्या दारात चुलीवर चढला. टेमघरचे टोप भिंतीशी रिकामे पडून होते. मैनाने पदराने डोळे पुसले आणि पहिली तांदळाची पाटी काकूंच्या हातून टोपात ओतून घेतली. सारा गाव जेवला. केसरीनाथ तर दोनदा.

हात धुऊन ते काकूंजवळ आले. "भावेशच्या हळदीला टोप कवा धाडता?"

"माज्याकडं न्हाय तो," काकू म्हणाल्या. "मैनाच्या दारी हाय. तिच्याकडं माग."