उपवास तिथे पुडी

वर्धा जिल्ह्यात एखाद्या वर्षी पाऊस कमी पडतो, पण ऊन कमी पडल्याचं कोणी ऐकलेलं नाही. तरीही माझ्या थोरल्या बहिणीच्या रक्तात ड जीवनसत्त्व इतकं कमी निघालं, की डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसून रिपोर्ट पुन्हा वाचला.

"जलमभर वावरात राबलो मी," ताई म्हणाली, "आन् माह्यातच ऊन कमी?"

"डोक्यावर पदर, अंगभर कपडे, आणि आता दिवसभर घरात. या वयात बायकांची हाडं अशीच पोकळ होतात, आजी. आठवड्यातून एक पुडी, दुधातून. त्याहून जास्त नाही. आठ आठवड्यांनी दाखवा."

ताई देवळीहून पिपरीला आली होती ती माझ्यासाठी. माझी बायको हिवाळ्यात गेली. तेव्हापासून मी जेवायला बसलो की पुस्तक उघडायचो आणि ताट तसंच राहायचं. ताई मला जगवायला आली, आणि मी ठरवलं की हिची हाडं आपण सांभाळायची. बायको शेवटी शेवटी भिंत धरून उठायची, आणि मी समोर बसून पान उलटायचो. (शरमेपोटी घेतलेला निर्णय माणूस फार उत्साहाने राबवतो.)

अडचण एकच होती. दुःखाच्या घरात वार कळत नाहीत. आज सोमवार की बुधवार, यावर आम्हा दोघांचा वाद व्हायचा आणि दोघेही चुकलेले निघायचे. ताई दूध प्यायची तेही फक्त उपवासाला, आणि उपवास दर गुरुवारी. माझ्यातला निवृत्त मास्तर जागा झाला.

"ताई, एक सूत्र सांगतो. उपवास तिथे पुडी!"

"हाव बापू, हे झ्याक केलं. तुह्या डोक्शाले तोड नाई."

आषाढी एकादशीची एक जास्तीची पुडी सोडली, तर आषाढभर सूत्र उत्तम चाललं. मग श्रावण लागला.

बायकोला जाऊन वर्ष झालं नव्हतं, म्हणून घरात सण करायचे नव्हते. पण उपवासाला कोण अडवतं! सोमवार आला. शनिवार आला. गुरुवार तर होताच. चतुर्थीला ताई केळझरच्या गणपतीला जाऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "दूध आन बापू." एकादशी आली. मध्येच कुठला तरी मंगळवार आला. आणि प्रत्येक उपवासाला मी स्वतःच्या हाताने पेल्यात पुडी ढवळून दिली. संपल्या की आणखी आणल्या. औषधवाल्याने एकदा विचारलं, "सर, घरी किती जण घेऊन राह्यले?"

"एकटीच घेते," मी म्हणालो, "पण नेमाची पक्की आहे." (हे मी अभिमानाने म्हणालो!)

पुढे ताईची भूक गेली. मळमळ सुरू झाली, पोट साफ होईना. तहान अशी, की सकाळी भरलेला माठ दुपारी पालथा.

"उपासाचंच हाय हे. साबुदाना बाधला."

"मग उपवास कमी कर ना, ताई."

"कमी? देवाचं काई चुकलं असन माह्याकून. आता बुधवारही धरतो."

तिने बुधवार धरला. मी बुधवारची पुडी ढवळली.

एका सकाळी ती पायरीवर बसली होती ती उठेचना. मी हाक मारली, तर तिने मला "बाबा" म्हटलं. आमचे वडील जाऊन कितीतरी वर्षं झालीत. ऑटोत घालून तिला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, सलाईन लागलं, आणि दुपारपर्यंत ती जरा माणसांत आली.

"आजी, पुडी कधी घेता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"उपासाले."

"आणि उपवास कधी असतो?"

"कधी नसते ते इचारा, बाई."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी भिंतीवरचं गरोदर बाईच्या आहाराचं चित्र अत्यंत बारकाईने पाहू लागलो.

"माह्या भावानं," ताई कौतुकाने म्हणाली. "लय शिकेल हाय तो. घरात पाय ठेवाले जागा नाई, एवढी पुस्तकं!"

शिकलेला असल्याची इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"सर, जास्तीचं ड जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही. अंगात साठतं. रक्तातलं कॅल्शियम केवढं चढलंय बघा. आणखी थोडे उपवास झाले असते तर किडनीवर गेलं असतं."

मी खाटेशी बसलो. बायकोकडे पाहिलं नाही म्हणून ती गेली, आणि बहिणीला डोळ्यांत तेल घालून पुड्या पाजत होतो! मी विचारलं, "ताई, एवढे उपवास कशाला गं?"

"तू जेवावं म्हणून. सोमवार तुह्या झोपेसाठी, शनिवार तुह्या जेवनासाठी. बुधवार माह्या पोटासाठी धरला, पन त्यातही म्हटलं अर्धा तुले."

त्या दिवशी मी दवाखान्याच्या कँटीनमधली पोळीभाजी खाली मान घालून संपवली. पोळी चामड्यासारखी होती. वर पाहिलं तर ताई पडल्या पडल्या हसत होती.

"पाह्य! फळला का नाई बुधवार?"

ताई बरी झाली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी माझंही रक्त तपासलं. माझंही ड जीवनसत्त्व तळाला! मलाही आठवड्याची पुडी मिळाली. ती कशी घ्यायची हे मात्र त्यांनी माझ्याकडे पाठ करून ताईला समजावलं.

घरी ताईने पेला भरून समोर धरला. मी म्हणालो, "ताई, वार लक्षात ठेवायची एक सोपी युक्ती मला सुचली आहे..."

"तोंड उघडलंच हाय तर तसंच ठेवजो," ती म्हणाली आणि तिने दूध ओतलं.

उभ्या नोकरीत माझ्या एकाही विद्यार्थ्याला हा उपाय सुचला नाही, याचं मला आता नवल वाटतं.