बोटंवाली सिस्टर

सिस्टर वॉर्डात आल्या की आधी पायांकडे बघायच्या, चेहऱ्याकडे मागाहून. चादर वर करायच्या, प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांवर हाताची मागची बाजू टेकवायच्या आणि म्हणायच्या, "हलवा बघू." बोटं हलली की नख दाबायच्या. दाबलं की नख पांढरं व्हायचं, सोडलं की लगेच लाल. एवढं झाल्यावर मग विचारायच्या, "जेवलात का?"

बायका त्यांना बोटंवाली सिस्टर म्हणत. खुब्याचं हाड मोडलेली एक आजी होती. ती एकदा म्हणाली, "अवो सिस्टर, कधी तोंडाकडं बी बघत जावा. येणी घालून बसलेय मी."

"तोंडाला बरं हाय म्हणायची सवय असते, आजी," सिस्टर म्हणाल्या. "पाय दाखवा."

मी तेव्हा नांदेडच्या त्या दवाखान्यात, बायकांच्या हाडांच्या वॉर्डात मावशी होते. फरशी पुसायची, भांडी द्यायची, बायकांना कुशीवर वळवायचं. मला चारचौघांत बोलता येत नाही. सिस्टरना त्याची अडचण नव्हती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या माझ्या घरी आल्या, तर उंबऱ्यातच वाकून त्यांनी माझ्या सासूच्या सुजलेल्या पायावर बोट दाबून बघितलं. वाण नंतर घेतलं. असं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल, ज्याच्या अंगावरून काम कधी उतरतच नाही.

एकदा अर्धापूरकडची एक सून आली. केळीचे घड भरलेल्या ट्रॉलीवरून पडली होती, नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि पाय उशांवर उंच ठेवायला सांगितलं. नवरा केळीचा ट्रक घेऊन दूर गेलेला, सासू वारलेली. सोबतीला एकटे सासरे. पुरुषांना त्या वॉर्डात भेटीच्या वेळेपुरतंच येऊ देत. पण सून एकटी पडेल म्हणून सिस्टरनीच त्यांच्यासाठी कोपऱ्यात, तिच्या पायथ्याशी, स्टूल ठेवलं. "बसा मामा. फक्त बाकीच्या पलंगांकडे पाठ असू द्या."

मामा भले होते. मोसंबी सोलून फोडी ताटलीत मांडायचे. घडीघडी विचारायचे, "सूनबाई, लई दुखून राहिलं का?"

"न्हाई मामा. बरं हाय." पडल्या पडल्याही तिच्या डोक्यावर पदर असायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर ऑपरेशनच्या खोलीतून परत आल्या. मी फरशी पुसत होते. त्यांनी तिची चादर धरली, तर तिनं दुसरं टोक घट्ट पकडलं.

"नको ताई. मामा बसलेत. बोटं हालतेत, खरंच."

सिस्टरनी चादर तिच्या मुठीतून सोडवून घेतली. उशा पलंगाच्या कडेला सारलेल्या होत्या. बोटं फुगून चकाकत होती. जोडवं मांसात रुतलं होतं.

"हलव बघू."

बोटं हलली नाहीत. सिस्टरनी स्वतः अंगठा जरासा वर केला. तिनं पदर दातांत धरला होता आणि डोळ्यांतून पाणी कानांत उतरत होतं.

"उशी कुणी काढली?"

"मामांच्या तोंडासमोर पाय वर करून कशी निजू?" ती पुटपुटली. सकाळपासून ती तशीच पडली होती.

सिस्टरनी स्टुलाकडे पाहिलं. "स्टूल मीच ठेवलं," एवढंच म्हणाल्या आणि फोनकडे धावल्या. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते, तिथल्या कुणीतरी फोन त्यांच्या कानाला धरला. त्यांनी सांगितलं, प्लास्टर वरपासून खालपर्यंत फाडा, आतला कापूसही कापा, आता उशी नको, उंच पायात रक्त आणखी कमी पोचेल, पाय सपाट ठेवा. हातातलं टाके घालून होताच येतो.

"मावशी, पडदा."

प्लास्टर कापायचं यंत्र घुरघुरलं तसे मामा उठले आणि सिस्टरच्या आडवे आले. "पाय कापून राहिले का? न्हाई. माझा पोरगा येईस्तोवर हात लावायचा न्हाई."

"पाय वाचवायला प्लास्टर कापतेय, मामा. आत सूज कोंडलीय, रक्त पोचत नाही. थांबलो तर पाय जाईल."

"ती तर बरं हाय म्हणती."

"तुमच्यासमोर म्हणते. तुम्ही दाराबाहेर उभे राहा, आणि ऐका."

मामांनी सुनेकडे पाहिलं. तिनं पदर अजून खाली ओढला. ते चपला हातात घेऊन बाहेर गेले.

सिस्टर तिच्या कानाशी वाकल्या. "गेले ते. आता ओरड."

ती ओरडली. मी त्या वॉर्डात पुष्कळ ओरडणं ऐकलंय, पण ते तसं नव्हतं. सकाळपासून साठलेलं होतं. आजी जपमाळ शोधायला लागली. मी सांगितल्याप्रमाणे गुडघा धरून ठेवला होता. पांढरी भुकटी उडत होती. प्लास्टर उकललं, कात्रीनं कापूस फाडला. "जोडवं कापू?" सिस्टरनी विचारलं. तिनं दाराकडे बघितलं आणि होकाराची मान हलवली. तेवढ्यात डॉक्टर आले, पाय पाहिला आणि तिला तसंच ऑपरेशनला नेलं. आतलं दडपण मोकळं करायला पोटरीला चिरे द्यावे लागले. पाय राहील का, हे बोटं हलल्यावरच कळेल म्हणाले.

बाहेर मामा भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. चपला अजून हातातच होत्या.

सकाळी सिस्टर पर्स खांद्याला तशीच ठेवून तिच्या पलंगाशी गेल्या. "हलव बघू."

काही नाही. सिस्टरनी घाई केली नाही, चादर धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मग अंगठा थरथरला, जरासा वर आला.

मामा दाराबाहेर पाठ करून उभे होते. त्यांनी समोरच्या भिंतीलाच विचारलं, "हाललं का?"

"हाललं, हाललं," आजी म्हणाली. "आता तरी चा प्या जाऊन."

त्यानंतर मामा स्टुलावर कधी बसले नाहीत. दाराबाहेरूनच, पाठ करून, दरडावायचे, "सूनबाई, दुखतंय का? बरं हाय म्हनू नको."

पुढे सिस्टरची बदली लातूरला झाली. जाताना सगळ्या पलंगांवरून बोटं बघत गेल्या, निरोप घ्यायचा राहून गेला.

त्यानंतर ती सून तपासणीला आली, काठी टेकत. मामा मागून पिशवी घेऊन. "बोटंवाली सिस्टर कुठं हायत?" तिनं मला विचारलं. मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. केळी आणली होती त्यांच्यासाठी.

मग तिनं चप्पल काढली. मामांनी न सांगता भिंतीकडे तोंड केलं. तिनं बोटं हलवून दाखवली, पाचही.

मी वाकून हाताची मागची बाजू तिच्या बोटांवर टेकवली. ऊबदार होती.

"जेवलीस का?" मी विचारलं.