वहीतली पुढची ओळ

मी काही लिहावं एवढी माझी लायकी नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. सोलापुरात प्राणिशास्त्राची दोन वर्षं झाली होती, आणि तेवढ्यावर घरात मला डॉक्टरच समजत. त्यातून जे झालं ते लिहितो. चुकलं तर माफ करावं.

अठ्ठ्याहत्तर साली विलायतेत काचेच्या बशीत गर्भ धरून मूल जन्मल्याची बातमी पेपरात आली. आमच्या मोडनिंबला ती स्टँडवरच्या हॉटेलात मोठ्यानं वाचली गेली. थोरल्या भावाच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि आई दुसरी सून बघत होती. वहिनीनंच मला हळूच म्हटलं, "भावजी, तुमच्या सरांना इचारा की. आपल्यात व्हईल का तसलं?"

सरांनी प्रयोगशाळेत बसवून समजावलं. हे इथं शक्य नाही म्हणाले, आणि जिथं करतात तिथंही साधतंच असं नाही. स्त्रीबीज फार वेळ थांबलं की एकाऐवजी दोन शुक्रजंतू आत शिरतात, मग गर्भ वेडावाकडा वाढून मरतो. बाईचं वय वाढलं तरी बीज बिघडतं. आणि पुरुषाचे शुक्रजंतू कमजोर असले तर बीज फळतच नाही. "म्हणून आधी पुरुषाला तपासायचं. ते सोपं असतं," असं ते दोनदा म्हणाले. मी सगळं वहीत उतरवलं.

रविवारी गावी गेलो. सोप्यात आई, भाऊ, चुलते. वहिनी आत चुलीपाशी. मी वही उघडून बीजाचं आणि वयाचं वाचलं. पुढची ओळ दिसत होती. पण थोरल्या भावासमोर मी कधी मान वर केली नव्हती, त्याच्याबद्दल हे कसं बोलू? मी वही मिटली.

"म्हंजी बाईचंच बी नासतं," आई म्हणाली.

"तसं नाही गं, कधी कधी…"

"पुस्तकातच हाय की! मी अडाणी बोलत हुते तवा तुमाला खोटं वाटायचं."

चुलते हसले. "मुदत सपलेलं बियाणं. पेरून काय उपेग न्हाय."

वहिनी सत्तावीस वर्षांची होती. भाऊ जमिनीकडे बघत राहिला.

निघताना वहिनीनं भाकरी बांधलेलं फडकं हातात दिलं. "भावजी, बाप्याचं काईच नव्हतं का वहीत?"

"नाही," मी म्हणालो.

दिवाळीनंतर पंचांसमोर काडी मोडून तिला वळसंगला माहेरी धाडलं. माझ्या शिक्षणाचा घराला झालेला पहिला उपयोग तो. नवी वहिनी आली. तीही मला भावजी म्हणते. वर्ष होत आलं, आणि आईनं आता तिच्या पोटाकडे बघायला सुरुवात केली आहे.

यंदा होस्टेलवर माझ्या खोलीत वळसंगचा एक मुलगा आला. बरेच दिवस धीर झाला नाही, मग एकदा पहिल्या वहिनीची चौकशी केली.

"ती व्हय? आमच्याच आळीतल्या बिजवराशी पाट लागला की तिचा," तो म्हणाला. "सातवा महिना हाय."