ऐकून शोधलेले निर्देशक

बारावी कॉमर्सच्या माझ्या गणिताच्या वर्गात एका वर्षी एक मुलगी आली. तिला लहानपणापासून दिसत नव्हतं. घर कशेळी गावाच्या बाजूला. वडिलांनी शेताच्या जागेवर गोदाम बांधून भाड्याने दिलेलं, आणि आई रोज रिक्षाने तिला कॉलेजात सोडायला यायची. पहिल्या आठवड्यातच आई स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाली, "मॅडम, पोर हिशोबाला हुशार हाय. फक्त त्या आलेखाचं काय करायचं ते तुम्ही बघा."

खरं तर काही करायची गरज नव्हती. दृष्टिहीन मुलांना परीक्षेत आलेखाच्या जागी दुसरा प्रश्न मिळतो. मी तसं सांगितलं. आईला ते पटलं, मुलीला नाही.

"दुसरा प्रश्न मला येतो, मॅडम," ती म्हणाली. "पण तुम्ही फळ्यावर रेघा काढता तेव्हा सगळा वर्ग गप्प होतो आणि मी नुसती बसून राहते. तेव्हा तिथं काय चाललेलं असतं ते मला कळायला पाहिजे."

मग मी थर्मोकोलच्या तुकड्यावर टाचण्या टोचून दोरे ताणायला लागले. कॉलेजशेजारच्या लूमच्या खात्यातून, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यातून, सूत मागून आणलं. दोन जाड दोरे म्हणजे दोन अक्ष, बारीक दोरा म्हणजे रेघ. ती बोटांनी चाचपून टाचण्या मोजायची आणि बिंदूचे निर्देशक बरोबर सांगायची. पण एक आलेख उभा करायला माझा अख्खा तास जायचा. त्यात दोरा सैल पडला की रेघ वाकायची आणि ती विचारायची, "ही सरळ रेघ हाय ना? मग मधेच पोट का आलं?" वक्ररेषा तर दोऱ्याने कधी नीट जमलीच नाही.

दिवाळीनंतर ती एक बातमी घेऊन आली. तिच्यासारख्या मुलांचा मोबाईलवर एक ग्रुप होता, त्यात कोणीतरी व्हॉइस मेसेज टाकला होता. "मॅडम, लॅपटॉपवर आलेखाचा एक कॅल्क्युलेटर असतो म्हणे. तो आलेख वाजवून दाखवतो."

"वाजवून म्हणजे?"

"रेघ वर गेली की आवाज चढतो, खाली आली की उतरतो."

माझा विश्वास बसला नाही, पण शुक्रवारी लॅपटॉप घेऊन गेले. शुक्रवारी लूम बंद असतात. एरवी आमच्या वर्गात त्या खडखडाटापुढे बारीक आवाज ऐकूच येत नाही. इअरफोन एकच होता. एक बोंडूक तिने कानात घातलं, एक मी. मी एक्सच्या वर्गाचा आलेख टाकला आणि तिने बटण दाबलं. मला काहीच ऐकू येईना.

"बंद पडला वाटतं," मी म्हणाले.

"थांबा मॅडम, तुमच्याकडं अजून यायचाय."

आवाज डावीकडून उजवीकडे सरकत होता. तिच्या कानात तो उंचावरून उतरत तळाला आला आणि मग माझ्या कानात चढायला लागला. आम्ही दोघी हसलो. त्यानंतर मी दोन्ही बोंडकं तिलाच दिली.

अंधशाळेत ती कॉम्प्युटर शिकली होती, त्यामुळे कळफलकावर तिचा हात माझ्यापेक्षा सराईत होता. बाणाचं बटण दाबत ती आलेखावरून एकेक पाऊल पुढे जायची. थांबली की लॅपटॉप तिथले निर्देशक कोरड्या आवाजात वाचून दाखवायचा. आलेख आडव्या अक्षाच्या खाली गेला की सुरात थोडी खरखर मिसळायची. अक्ष ओलांडताना टक् असा आवाज यायचा. तिने स्वतःसाठी एक नियम केला: आधी अंदाज सांगायचा, मग लॅपटॉपला विचारायचं. सुरुवातीला अंदाज पार भलतीकडे जायचे. मग हळूहळू जवळ यायला लागले.

एकदा ती अडली. एकला एक्सने भागल्यावर येणारा आलेख होता. खरखर करत आवाज खोल खोल गेला, तुटला, आणि पलीकडे एकदम वरून सुरू झाला. "मधे काय झालं? नेट गेलं?" तिने विचारलं.

"नाही. शून्याने भागता येत नाही. तिथं बिंदूच नाही."

ती त्या जागेवरून पुन्हा पुन्हा मागेपुढे गेली. "काहीच न्हाय?"

"काहीच नाही."

हे वाक्य मी कितीतरी बॅचना सांगितलं असेल. मुलं मान डोलावून वहीत उतरवून घ्यायची. ते तपासून बघणारी मला तीच पहिली भेटली.

सराव परीक्षेआधी ती म्हणाली, मला आलेखाचाच प्रश्न द्या. लेखनिक म्हणून तिला अकरावीतली एक हिंदी बोलणारी मुलगी मिळाली होती. प्राचार्यांनी परवानगी दिली, आणि मला बजावलं, "ही सांगेल, ती काढेल. तुम्ही मधे बोलायचं नाही."

त्या खोलीत देखरेखीला मीच होते. प्रश्नात दोन रेघा काढून त्या रेघा आणि अक्ष यांच्यामधल्या भागाच्या कोपऱ्यांचे निर्देशक द्यायचे होते. तिने आकडेमोड तोंडीच केली आणि लेखनिकेला बिंदू सांगायला लागली. पहिल्या रेघेसाठी चार-शून्य आणि शून्य-आठ. ती बरोबर आली. दुसरीसाठी दहा-शून्य आणि शून्य-पाच. इथे लेखनिकेने अक्षांची अदलाबदल केली. दहा उभ्या अक्षावर घेतले, पाच आडव्यावर. मी बघत होते. हात मागे घट्ट धरून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

"दोन रेघा एकमेकींना कापतात तिथं दोन-चार हाय का बघ," ती म्हणाली.

"दीदी, ये दोनों तो मिलतीच नहीं. साथ-साथ जा रही हैं."

बाकावरच तिने दोन बोटं तिरकी फिरवली. "दस किधर लिया तूने? खड़ी लाइन पे?"

"हां."

"मिटा दे. दस आडवी पे, पाँच खड़ी पे."

खोडरबर चाललं, पट्टी सरकली. "अब मिल गई, दीदी. दो और चार पे." तिने मान हलवली आणि पुढचं सांगायला लागली. मी खिडकीबाहेर तोंड करून डोळे पुसले. रेघ जरा जाड आली होती. पेपर तपासताना मी त्यासाठी गुण कापले नाहीत.

बोर्डाच्या परीक्षेत मात्र तिने आलेखाचा आग्रह धरला नाही, दुसरा प्रश्न घेतला. मी गेटबाहेर तिच्या आईबरोबर उभी होते. बाहेर येऊन तिने ते सांगितल्यावर मला जरा वाईट वाटलं. तिला वाटलं नव्हतं. "लेखनिक नवीन होती, मॅडम. तिला अक्ष समजावण्यात वेळ गेला असता. मला पेपर पुरा करायचा होता." तो तिने पुरा केला आणि गणितात चांगले गुण मिळवले.

सुट्टीत एका दुपारी ती आईला घेऊन माझ्या घरी आली. मला वाटलं, पुढच्या कॉलेजच्या प्रवेशाचं काही विचारायचं असेल. आई पंख्याखाली बसून सरबत पीत होती. मुलगी म्हणाली, "मॅडम, वर्तुळ कसं वाजतं?"

मी लॅपटॉप उघडला. वर्तुळाचं समीकरण टाकलं, पण ते वाजेना. एकाच जागी वरचा बिंदू आणि खालचा बिंदू दोन्ही असतात, आणि तो सूर एका वेळी एकच धरू शकत होता. शेवटी मी वरचा अर्धा भाग वेगळा टाकला, खालचा वेगळा. वरचा भरभर चढला, माथ्यावर रेंगाळला आणि भरभर उतरला. खालचा त्याच्या उलट, खरखरीसकट.

"दोन्ही एकदम न्हाय का वाजत?"

"एवढंच जमतंय बघ."

"बरं," ती म्हणाली. तिने आधी वरचा ऐकला, मग खालचा, मग परत वरचा. आईने दोनदा "चल गं, रिक्षा मिळायची न्हाय" म्हटलं, तरी तिचं ऐकणं चालूच होतं.